डायकास्ट गाडी पुन्हा रंगवताना: सगळा खेळ जाडीचा

खऱ्या गाडीवरचा रंग, खालचा प्रायमर आणि वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर धरून, साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाड असतो. तेवढाच थर १:६४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाच्या डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेल्या) मॉडेलवर बसला तर त्या मापात तो सहा ते साडेनऊ मिलिमीटरचा लेप होतो. खऱ्या गाडीत दार आणि बॉडी यांच्यामधली फट चारेक मिलिमीटरची. १:६४ मध्ये ती होते ०.०६ मिलिमीटर. एवढी बारीक रेघ ओतकामात येत नाही आणि आली तरी रंगाखाली दिसणार नाही, म्हणून कारखानेच ती फट मुद्दाम रुंद करतात. तरी वरून जाड रंग बसतो, कडा गोलसर होतात, ग्रिलच्या जाळीत रंग साचतो आणि गाडी खेळण्यासारखी दिसू लागते. डिटेलिंगचं बरंचसं काम म्हणजे ही जाडी काढणं आणि नंतर आपल्या हातून ती परत चढू न देणं. बाकी बॅज, दिवे, क्रोम ही वरची सजावट.

हात घालण्याआधी गाडी नीट बघून घ्यावी. हॉट व्हील्सच्या ‘सुपर ट्रेझर हंट’ या दुर्मिळ गाड्यांवर स्पेक्ट्राफ्लेम नावाचा चमकदार रंग आणि रबरी टायर असतात. असल्या गाडीचा रंग काढणं म्हणजे तिची संग्राहक-किंमत गटारात सोडणं. बुडावर छापलेलं वर्ष बघून बरेच जण फसतात. ते त्या साच्याच्या कॉपीराइटचं वर्ष असतं, त्या नगाच्या उत्पादनाचं नव्हे. नग कधी बनला ते अलीकडच्या गाड्यांत बुडावरच्या छोट्या कोडवरून कळतं, अक्षर वर्षाचं आणि आकडे आठवड्याचे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी ब्रँडसारख्या जुन्या गाड्यांवर तर प्रयोग नकोच. त्या काळच्या काही ओतकामांत जस्तात शिसं मिसळलेलं असे, आणि अशा धातूला आतून भेगा जातात. तो फुगतो, वाकडा होतो, शेवटी हातात चुरा येतो. यावर उपाय नाही. आजच्या गाड्या झमॅकच्या असतात, म्हणजे अतिशुद्ध जस्त, त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम. सरावासाठी साधी, धातूच्या बॉडीची, कमी छपाईची आणि दोन रिव्हेटची गाडी निवडावी. बॉडीच प्लास्टिकची असेल तर पुढचं रंग काढण्याचं प्रकरण तिला लागू नाही.

गाडी उघडायची ती रिव्हेट ड्रिल करून. रिव्हेट म्हणजे बूड बॉडीला धरून ठेवणाऱ्या धातूच्या खांबाचं चेपलेलं टोक. रिव्हेटच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचने खूण करायची. ही पायरी टाळली की ड्रिलचं टोक गोल डोक्यावरून घसरतं आणि बुडावर ओरखडा उठतो, किंवा भोक एका बाजूला जाऊन खांब अर्धा कापला जातो. आधी १.६ मिलिमीटरच्या बिटने सरळ खाली पाच-सहा मिलिमीटर भोक पाडायचं. एम२ (२ मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूचे आटे पाडायला हेच भोक लागतं, आणि डोकं अजून जागेवर असताना मध्य सापडणं सोपं जातं. मग ३ ते ३.५ मिलिमीटरच्या बिटने फक्त डोकं उडवायचं. चकाकता कडा सुटून बिटभोवती फिरू लागला की थांबायचं. त्यापुढे गेलात तर खांब आखूड होतो आणि जोडताना बूड डळमळतं.

वेग कमी ठेवावा. जस्त मऊ आहे, बिटच्या खाचांत चिकटून बसतं, आणि खाचा भरल्या की बिट कापायच्या ऐवजी नुसता घासतो. तेलाचा एक थेंब आणि दर दोन-तीन सेकंदांनी बिट बाहेर काढून साफ करणं, एवढ्याने काम होतं. हातात धरून ड्रिल करू नये, चिंध्या गुंडाळून शिकंज्यात धरावं. एम२ च्या टॅपने आटे पाडताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. आटे आत्ताच पाडायचे. रंगवून झाल्यावर पाडायला गेलात तर बॉडी हाताळून हाताळून नव्या रंगाची वाट लागते. टॅप नको म्हणून सेल्फ-टॅपिंग स्क्रू घुसवणारे आहेत. बारीक खांब त्याने उभा चिरतो.

आतून चार-पाच भाग निघतात: बूड, चाकांचे अॅक्सल, सीटांचा तुकडा, काच. काच कधी कधी गरम करून दाबलेल्या प्लास्टिकच्या खुंटीवर अडकवलेली असते. ती खुंटी धारदार पात्याने छाटावी, ओढू नये. काचेचं प्लास्टिक ओढलं की पांढरा ताण उठतो आणि तो काही केल्या जात नाही.

रंग काढायला जेलसारखा पेंट रिमूव्हर सगळ्यात झटपट. मिथिलीन क्लोराइडवाल्या रिमूव्हरच्या घरगुती वापरावर काही देशांत बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्याची वाफ घातक असते. त्याशिवायचे रिमूव्हर वेळ घेतात, पण काम करतात. काचेच्या बरणीत बॉडी ठेवायची, ब्रशने जेल लावायचं, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं सोडायचं. रंग सुरकुतून वर आला की जुन्या टूथब्रशने घासायचं. कोपऱ्यांत आणि ग्रिलमध्ये राहिलेल्या रंगासाठी पुन्हा एक हात. काही रंग नुसत्या अॅसिटोनमध्ये रात्रभर बुडवूनही सुटतात. हातमोजे आणि उघडी खिडकी दोन्हीत हवीच.

कॉस्टिक सोडा आणि मोरी साफ करायच्या पावडरींचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. रंग त्याने निघतो हे खरं. पण जस्त असा धातू आहे की त्याला आम्लही खातं आणि अल्कलीही. कॉस्टिकमध्ये बॉडी ठेवली की बुडबुडे येतात, ते हायड्रोजनचे, म्हणजे धातू विरघळतोय. बाहेर येते ती काळपट, खरखरीत बॉडी, बारीक अक्षरं पुसट झालेली. व्हिनेगरचीही तीच गत, फक्त सावकाश.

रंग निघाला की पहिल्यांदा दिसते ती साच्याची रेघ. साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे उंचवटा राहतो. बहुतेक वेळा तो मडगार्डच्या माथ्यावरून, समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवरून आणि बंपरच्या टोकाशी सापडतो. आधी बारीक कानस, मग ४००, ६०० आणि ८०० चा वॉटर पेपर, पाण्यासकट. ८०० च्या पुढे जाऊ नये, कारण प्रायमरला पकडायला थोडा खरबरीतपणा लागतो. ओतकामात अडकलेल्या हवेची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रंही आता उघडी पडतात. त्यांत सुपरग्लूचा थेंब सोडून, वाळल्यावर घासून सपाट करायचं. ही छिद्रं रंगाने बुजतील या आशेवर राहू नये. रंग त्यांत खेचला जातो आणि वर खळगा दिसतो.

मग दारांच्या रेघा. पुढच्या कामात सर्वाधिक फरक याच पायरीने पडतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून प्रत्येक खाचेचा तळ वर येतो आणि तोंड आवळतं. म्हणून खाच आधीच खोल करायची, रुंद नव्हे. रेघेच्या कडेला जाड, कडक चिकटपट्टी लावून तिच्या आधाराने स्क्राइबर (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) किंवा पात्याच्या टोकाची मागची बाजू हलक्या हाताने ओढायची. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जोर अजिबात नको, टोक नुसतं खाचेत बसू द्यायचं. खाचेतून केसासारखी बारीक कुरळी तार निघू लागली की टोक बरोबर मार्गावर आहे. भुकटी निघत असेल तर टोक बोथट झालंय. दाराचा कोपरा वळतो तिथे हात न थांबवता वळवायचा मोह होतो आणि तिथेच टोक सटकतं. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी कोपऱ्याकडे यायचं आणि कोपऱ्यावर थांबायचं. सटकलंच तर त्या ओरखड्यात सुपरग्लू भरून पुन्हा घासायचं, हे धातूवर बिनबोभाट जमतं.

बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवायची, वाळवायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि इथून पुढे उघड्या बोटाने शिवायची नाही. बोटाचं तेल किंवा सिलिकॉनचा अंश राहिला की तिथून ओला रंग मागे सरकतो आणि गोल खळगे पडतात. त्यांना फिशआय म्हणतात. ते दिसले की वर आणखी रंग मारून झाकायचा प्रयत्न फुकट जातो. पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते.

जस्तावर प्रायमर कुठलाही चालत नाही. अल्किड, म्हणजे नेहमीचा तेलाचा रंग, उघड्या जस्ताशी कालांतराने प्रतिक्रिया करतो. रंगाच्या तळाशी साबणासारखा थर तयार होतो आणि सहा महिन्यांनी पोपडे सुटतात. लावल्या दिवशी सगळं छान दिसतं, म्हणून दोष भलत्याच गोष्टीवर जातो. धातूसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकडणारा, किंवा मॉडेलिंगचा मेटल प्रायमर घ्यावा आणि तो इतका पातळ मारावा की खालचा धातू जेमतेम झाकला जाईल. लाल-पिवळ्या रंगाखाली पांढरा प्रायमर, कारण हे रंग पारदर्शक असतात आणि राखाडीवर मळकट दिसतात. क्रोमसारखी चमक हवी असेल तर खाली चकचकीत काळा.

रंगासाठी ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर नोझलची एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारी) आणि १ ते १.३ बार दाब मला पुरेसा वाटतो. लॅकर, म्हणजे थिनर उडून झटपट सुकणारा रंग, असेल तर रंगाइतकंच थिनर, कधी दीडपटही. भांड्याच्या कडेवर मिश्रण चढवलं की ते दुधासारखा पातळ पडदा सोडत खाली यायला हवं. बॉडी आतून दुहेरी टेपने बाटलीच्या बुचावर चिकटवली की सगळीकडून फिरवता येते. पहिला हात धुक्यासारखा, खालचं दिसत राहील असा. दहा मिनिटांनी दुसरा तसाच. तिसरा ओला, ज्यात पृष्ठभाग क्षणभर आरशासारखा होतो. ओल्या हातात ब्रश थांबली की ओघळ. फार लांब धरली की थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पाच ते आठ सेंटिमीटर अंतर बरोबर. ग्रिल, आरसे आणि दारांच्या खाचा यांवर आधी मारायचं, सपाट भागावर शेवटी, नाहीतर कोपरे भरेपर्यंत छपरावर चार थर चढलेले असतात.

एअरब्रश नसेल तर स्प्रे कॅननेही होतं. कॅन कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, काही मिनिटं ठेवला की दाब वाढतो आणि थेंब बारीक पडतात. गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ अजिबात नाही. कॅनमधला रंग काढून एअरब्रशमध्ये वापरायचा असेल तर नळीने बाटलीत सोडल्यावर बाटली सैल झाकणाने निदान रात्रभर ठेवावी. रंगात विरघळलेला गॅस निघून जायला वेळ लागतो. लगेच वापरला तर तो बॉडीवरच सुटतो आणि वाळलेल्या रंगात बारीक फोड राहतात. दमट हवेत लॅकर मारलं तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि चकाकीवर पांढुरकी साय येते. कोरड्या दिवशी नुसतं लॅकर थिनर हलकेच फवारलं की बहुतेक वेळा ती जाते.

मेटॅलिक रंगाबद्दल मी जरा कडवट आहे. खऱ्या गाडीच्या टचअपचा मेटॅलिक रंग ‘अगदी ओरिजिनल शेड’ म्हणून मॉडेलवर मारतात. शेड असेलही, पण ०.०३ मिलिमीटरचा चमकीचा कण १:६४ मध्ये जवळपास दोन मिलिमीटरचा होतो. गाडी मेटॅलिक न दिसता टिकल्या लावल्यासारखी दिसते. मॉडेलिंगसाठी बारीक दळलेले मेटॅलिक मिळतात, तेच वापरावेत. चंदेरी थरावर पारदर्शक रंग चढवूनही छान परिणाम साधतो, मात्र तिथे प्रत्येक हाताने छटा गडद होते. म्हणून सगळी बॉडी एकाच बैठकीत, सारख्या हातांनी पुरी करावी.

लॅकर बोटाला तासाभरात सुकं लागतं, पण आतून थिनर कितीतरी वेळ निघत असतो. ओळखायची खूण म्हणजे नाकाजवळ धरून वास घेणं. वास येतोय तोवर टेप लावायची नाही, घासायचं नाही.

दारांच्या खाचांत रंग भरायला एनॅमलचा, म्हणजे तेलाच्या रंगाचा, पातळ पॅनल लायनर वापरतो. खाली लॅकर आणि वर एनॅमल ही जोडी मुद्दाम घ्यायची, कारण जास्तीचं पुसायला लागणारं एनॅमल थिनर पूर्ण सुकलेल्या लॅकरला हात लावत नाही. ब्रशचं टोक खाचेला टेकवलं की द्रव स्वतः धावतो. अर्ध्या तासाने थिनरमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीने खाचेला आडवं पुसायचं. खाचेच्या दिशेने पुसलं की आतलंही निघतं. पांढऱ्या किंवा पिवळ्या गाडीत काळी रेघ भरू नये, ती चित्रात शाईने काढल्यासारखी वाटते. पांढऱ्याला राखाडी, पिवळ्या-लालला तपकिरी, काळा फक्त गडद रंगांना आणि ग्रिलला. मॅट पृष्ठभागावर लायनर पसरून डाग पडतो, म्हणून हे काम चकचकीत थरावरच.

उठावदार अक्षरं आणि बॅज असतील तर डायकास्टमध्ये एक सोपी सोय आहे. रंग पक्का वाळल्यावर २००० चा पेपर आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवून फक्त माथ्यावरून दोनदा फिरवला की रंग निघून खालचा धातू उघडा पडतो. चमक क्रोमइतकी नसते, राखाडी झाक असते, पण अक्षर ब्रशने रंगवलेल्यापेक्षा धारदार दिसतं. क्रोमच्या पट्ट्यांसाठी बेअर-मेटल फॉइल, म्हणजे मागून चिकट असलेली धातूची अतिपातळ पन्नी, आहे. तुकडा हवा त्यापेक्षा मोठा कापून, लाकडी दातकोरणीने दाबून बसवायचा आणि कोऱ्या पात्याने, पातं जवळजवळ आडवं धरून, कडेने कापायचं. पात्याचं टोक जरा गेलं की फॉइल कापत नाही, फाटतं. त्यामुळे एका गाडीला दोन-तीन पाती लागली तर नवल नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या पट्टीवर मात्र फॉइलचा हट्ट सोडून लिक्विड क्रोमचा मार्कर बरा. तो शेवटी लावायचा. त्यावर क्लिअर मारलं की आरसा जाऊन साधा राखाडी उरतो, आणि बोट लागलं तरी तेच.

वॉटर डेकल, म्हणजे भिजवून कागदावरून सरकवायचं छापील चित्र, वीस-तीस सेकंद पाण्यात ठेवायचं आणि कागदावरून आपोआप सरकेपर्यंत थांबायचं. खाली चकचकीत थर नसेल तर डेकलखाली हवा अडकून चंदेरी ठिपके दिसतात. दारावरच्या आकड्याला दोन हात सॉफ्टनर (डेकल मऊ करणारा द्रव) दिलं की ते खाचेत उतरतं. सॉफ्टनर लावल्यावर डेकल सुरकुततं, ते बघून घाबरून त्याला हात लावायचा नाही, वाळताना आपोआप ताणून बसतं. नंतरचं क्लिअर आधी अगदी कोरड्या धुक्यासारखं द्यायचं. पहिलाच हात ओला दिला तर लॅकरमधलं थिनर डेकल खातं.

क्लिअरसाठी टू-के युरेथेनची, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या दोन भागांच्या रंगाची, चमक निर्विवाद सुंदर असते. पण १:६४ वर तो थर मला जाडच वाटतो, कडा बुडतात. १:१८ किंवा १:२४ ला ठीक. शिवाय त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि धुळीचा किंवा कापडी मास्क त्याला काहीही अडवत नाही. बरोबर बसणारा, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि बाहेर हवा फेकणारी फवारणीपेटी नसेल तर टू-केच्या वाटेला जाऊ नये. छोट्या गाडीला पातळ लॅकर क्लिअरचे दोन-तीन हात पुरतात. पॉलिश करताना ३००० च्या आसपासचा पेपर पाण्यासोबत, मग कंपाउंड. छपराच्या आणि बॉनेटच्या कडांना पेपर लावायचाच नाही, तिथला थर सगळ्यात पातळ असतो आणि एका घासात प्रायमर दिसतो.

१:२४ च्या प्लास्टिक किटमध्ये हेच सगळं येतं, फक्त शत्रू बदलतात. पॉलिस्टायरीनला तीव्र लॅकर थिनर खातं, म्हणून पहिला हात ओला नको. ताण असलेल्या उघड्या प्लास्टिकवर एनॅमलचं लायनर साचू दिलं तर भाग तडकतो. क्रोम चढवलेले भाग तसेच चिकटत नाहीत, जोडाच्या जागी क्रोम खरवडावं लागतं. सगळंच क्रोम काढायचं असेल तर घरगुती ब्लीचमध्ये बुडवायचं. खाली पिवळसर लॅकर उरलं तर ते वेगळं काढायचं. जुन्या किटमधल्या मऊ व्हिनाइल टायरचं वेगळंच दुखणं आहे. त्यांतलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) बाहेर झिरपतं आणि टेकलेली रिम किंवा काच वितळवतं. टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत, बसवताना रिमवर फॉइलची पट्टी द्यावी.

जोडणीत काच सगळ्यात आधी. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरा धूर सोडते, म्हणून तिथे कॅनॉपी ग्लू (पारदर्शक भागांसाठीचा गोंद) किंवा पांढरा पीव्हीए गोंद. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकून बाहेर आलेला ओल्या काडीने पुसता येतो. मग सीट, अॅक्सल आणि बूड. चार मिलिमीटर लांबीचे एम२ स्क्रू बहुतेक गाड्यांना चालतात. बूड जाड असेल तर एक माप लांब. जस्तातले आटे लवकर जातात, स्क्रू टेकला की पाव फेऱ्यात थांबायचं. गाडी सपाट काचेवर ठेवून चारही चाकं टेकतायत का बघावं. एखादं हवेत असेल तर बहुधा बूड आत पूर्ण बसलेलं नसतं, कारण कडेच्या आतल्या बाजूला रंग चढलाय. तो रंग खरवडला की चाक टेकतं. अॅक्सल वाकवायला जाऊ नये.

ठेवताना सरळ ऊन टाळावं, लाल रंग आणि डेकल त्याने आधी उडतात. फोमच्या तुकड्यांत गाड्या वर्षानुवर्षं दाबून ठेवू नयेत; पॉलियुरेथेन फोम जुना झाला की चिकट होतो आणि रंगाला धरतो. रबरी टायरच्या गाड्या फार काळ उभ्या राहणार असतील तर टायर एका बाजूने चपटे होतात. त्यावर सोय म्हणजे काढलेल्या रिव्हेटच्याच जागी जरा लांब स्क्रू वापरून गाडी खालून स्टँडला आवळायची, आणि बूड व स्टँडमध्ये इतकाच जाड वॉशर घालायचा की टायर स्टँडला नुसते शिवतील.